जॉर्ज ब्वायो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉर्ज ब्वायो नेमका कोण?

पहिल्या महायुद्धाच्या आधी फ्रान्समधला सगळ्यात लाडका रेसिंग ड्रायव्हर. १९१२ आणि १९१३ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने फ्रेंच ग्रां प्री जिंकली. ही शर्यत दोनदा जिंकणारा तो पहिलाच. पण फ्रेंच माणसाला त्याचं नाव विचारलंत, तर तो बहुधा या दोन विजयांबद्दल बोलणार नाही, १९१४ साली लियोंला झालेल्या पराभवाबद्दल बोलेल. त्यावर पुढे सविस्तर येईलच.

जन्म, गाव, शिक्षण?

जन्म ३ ऑगस्ट १८८४, वालँतिन्ये. हे गाव पूर्व फ्रान्समध्ये, स्वित्झर्लंडच्या सीमेजवळच्या दूब जिल्ह्यात आहे आणि प्यूजो घराण्याचे कारखाने याच टापूत होते. करवती, कॉफी दळायची यंत्रं, सायकली आणि मग मोटारी अशा चढत्या क्रमाने या घराण्याचा धंदा वाढला. तिथल्या पोराने हातात पाना धरला, तर तो प्यूजोचाच असायचा. ब्वायो मेकॅनिक म्हणून तयार झाला आणि ड्रायव्हर नंतर झाला. ही गोष्ट लक्षात ठेवा. त्या काळी शर्यतीत उतरणाऱ्यांत सरदार, बँकवाले आणि हौशी श्रीमंत पुष्कळ होते. हा त्यांच्यातला नव्हता.

शर्यतींना सुरुवात कधी केली?

१९०८ च्या सुमारास, 'व्हॉइतुरेत' म्हणजे छोट्या गाड्यांच्या शर्यतींत. प्यूजो घराण्यात तेव्हा वाटण्या झालेल्या होत्या आणि एका पातीच्या गाड्या 'लायन-प्यूजो' नावाने निघत. ब्वायो या लायन-प्यूजोच्या संघात होता. त्याच्याबरोबर होते इटालियन जोझ्वे जुप्पोने आणि फ्रेंच जूल. या जूलच्या आडनावाचं स्पेलिंग जी-ओ-यू-एक्स. फ्रेंच उच्चार मराठीत लिहिण्यासारखा नाही, तेव्हा या पानावर तो नुसता जूल.

छोट्या गाड्यांच्या शर्यतीत कसलं आलंय कौतुक?

कौतुक नियमाचं आहे. आयोजकांनी सिलिंडरच्या व्यासावर मर्यादा घातली, पण पिस्टन किती लांब धावावा यावर फारसं बंधन ठेवलं नाही. मग काय, इंजिनं आडवी वाढेनात तशी उभी वाढू लागली. १९१० च्या एका लायन-प्यूजोच्या सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर आणि स्ट्रोक तब्बल २८० मिलिमीटर. बॉनेट इतकं उंच की ड्रायव्हरला समोरचं दिसेना. बाजूने मान काढून रस्ता बघावा लागे. गाडी छोटी, इंजिन माणसाच्या कमरेच्याही वर, आणि वळणावर सगळं डोलतंय. नियम करणाऱ्याला एक पळवाट दिसत नाही आणि इंजिनिअरला तीच तेवढी दिसते, हे तेव्हापासूनचं आहे.

त्याच वर्षी बुलोन्यला सरावात, समोर आलेल्या सायकलवाल्यांना वाचवताना जुप्पोनेची गाडी उलटली आणि तो गेला. पुढच्या वर्षी बुलोन्यच्याच शर्यतीत ब्वायो दुसरा आला, पॉल बाब्लोच्या डलाज गाडीच्या मागे.

'शार्लताँ' म्हणजे भोंदू. हे नाव कुणाला आणि का पडलं?

प्यूजोच्याच ड्रॉइंग ऑफिसातल्या रीतसर शिकलेल्या इंजिनिअरांनी चार जणांना ही पदवी बहाल केली होती. ते चौघे म्हणजे ब्वायो, जूल, इटालियन पाओलो झुकारेल्ली आणि जिनिव्हाचा ड्राफ्ट्समन एर्नेस्ट आंरी. घराण्याच्या पाती पुन्हा एकत्र आल्या होत्या, ग्रां प्री पुन्हा सुरू होणार होती, आणि रोबेर प्यूजोने नव्या रेसिंग गाडीचं काम आपल्या पगारी इंजिनिअरांना सोडून या टोळक्याला दिलं. तीन ड्रायव्हर आणि एक नकाशे काढणारा! ऑफिसातल्यांचा तिळपापड झाला नसता तरच नवल.

गाडीचं श्रेय कुणाचं यावर जाणकारांत आजही हमरीतुमरी चालते. काही जण सगळं आंरीच्या पदरात टाकतात, काही म्हणतात मूळ कल्पना झुकारेल्लीने आधीच्या हिस्पानो-सुइझा या स्पॅनिश मोटार कंपनीच्या नोकरीतून आणल्या. मला विचाराल तर वाद थोडा पोकळ आहे. गाडी हाकणाऱ्यांनी काय हवं ते सांगितलं, हाताला कळत होतं ते मांडलं, आणि आंरीने ते कागदावर उभं केलं. चौघांपैकी एक काढला असता तर ही गाडी झाली नसती.

त्या गाडीत एवढं नवीन काय होतं?

एल ७६ हे तिचं नाव. इंजिन ७.६ लिटरचं, चार सिलिंडरचं. प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह म्हणजे झडपा, ते तिरके बसवलेले, आणि ते उघडायला डोक्यावर दोन कॅमशाफ्ट म्हणजे फिरते दांडे. तुमच्या दारातल्या गाडीच्या माहितीपत्रकात 'डीओएचसी, १६ व्हॉल्व्ह' असं लिहिलेलं असेल, तर ती मांडणी शर्यतीच्या गाडीत पहिल्यांदा नीट जमली ती इथे. ताकद सुमारे १४८ अश्वशक्ती, तीही मिनिटाला २२०० फेऱ्यांवर. त्यापूर्वीचा रिवाज सरळ होता, जोर हवा तर इंजिन मोठं करा. या चौघांनी इंजिन लहान ठेवलं आणि त्याला श्वास मोकळा करून दिला.

१९१२ ची दिएपची शर्यत एवढी गाजली कशी?

आधी मागची गोष्ट. १९०८ ची ग्रां प्री मर्सिडीजने जिंकली, तीही दिएपलाच. फ्रेंच कारखानदारांना ते इतकं झोंबलं (आणि खर्चही डोईजड झाला होता) की पुढची तीन वर्षं त्यांची मूळ ग्रां प्री झालीच नाही. १९१२ मध्ये ती परत आली ती अंगावर काटा येईल अशा आकाराने. २५ आणि २६ जून असे दोन दिवस, जवळजवळ ७७ किलोमीटरची एक फेरी, रोज दहा फेऱ्या, एकूण सुमारे १५४० किलोमीटर. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाऊन आणखी थोडं पुढे, आणि रस्ता कच्चा, धुळीचा.

समोर फियाटच्या गाड्या होत्या. त्यांची इंजिनं १४.१ लिटरची, प्यूजोच्या जवळपास दुप्पट, आणि मागची चाकं अजून चेनने फिरणारी. पहिल्या दिवशी अमेरिकन डेव्हिड ब्रूस-ब्राउनची फियाट पुढे होती. ब्वायो दोनेक मिनिटं मागे. लोक म्हणाले, झालं, राक्षसापुढे पोर किती टिकणार.

दुसऱ्या दिवशी एका साध्या नियमाने घात केला. पेट्रोल फक्त पिटमध्येच, म्हणजे गाडी थांबवायच्या ठरलेल्या जागीच, भरायचं. ब्रूस-ब्राउनने ते बाहेर भरलं आणि तो बाद झाला. याच नियमाने ब्वायोचा जोडीदार जूलही बाद झाला होता, आणि झुकारेल्लीची गाडी आधीच बंद पडलेली. म्हणजे तीन प्यूजोंपैकी उरली एकच. तिच्या गिअरने शेवटी कुरकुर सुरू केली, पण मेकॅनिकच तो, त्याने ती ओढत आणली. वेळ १३ तास ५८ मिनिटं. लुई वाग्नेरची फियाट तेरा मिनिटांनी मागून आली.

ब्रूस-ब्राउन बाद झाला नसता तर? हा प्रश्न रास्त आहे आणि ब्वायोचे भक्त तो टाळतात. पण दोन दिवसांच्या शर्यतीत पेट्रोल कुठे संपेल याचा हिशेबही शर्यतीचाच भाग होता.

बाजूला दुसरा माणूस कशासाठी बसायचा?

मेकॅनिक. हाताने पंप मारून पेट्रोलच्या टाकीतला दाब टिकवायचा, तेलावर लक्ष ठेवायचं, मागून कोण येतंय ते सांगायचं, टायरची चाळण झाली का ते वाकून बघायचं, आणि फुटला की उतरून बदलायचा. सीटबेल्ट नाही, हेल्मेट नाही. नाव ड्रायव्हरचं व्हायचं.

या माणसावर शर्यत कशी फिरायची ते १९१३ मध्ये दिसलं. आमिएँच्या ग्रां प्रीत आल्बेर गियोची डलाज पुढे होती. टायर फुटला, गियोने गाडी बाजूला घ्यायला सुरुवात केली, आणि घाईत मेकॅनिकने गाडी थांबायच्या आधीच उडी मारली. तो स्वतःच्याच गाडीच्या चाकाखाली आला. गियोने त्याला उचलून गाडीत घातलं, टायर बदलला, पिटपर्यंत सावकाश नेलं. तोवर ब्वायो निघून गेला होता.

म्हणजे १९१३ चा विजयही नशिबाचाच?

नाही, तो अधिक भक्कम होता. या वर्षी नियम पेट्रोलचा होता, १०० किलोमीटरला २० लिटरच्या वर नाही. तेव्हा प्यूजोने इंजिन ५.६ लिटरवर आणलं. १२ जुलैला सुमारे ९१७ किलोमीटर अंतर ब्वायोने आठ तासांच्या आत तोडलं आणि जूल अडीच मिनिटांनी दुसरा आला. पहिले दोन्ही क्रमांक प्यूजोचे. सप्टेंबरात बुलोन्यला तीन लिटरच्या गाड्यांतही हेच दोघं, याच क्रमाने. मोंव्हाँतूच्या घाटातली चढाईची शर्यतही त्याने १९१२ आणि १९१३ अशी दोन्ही वर्षं मारली.

पण टोळक्यातला एक कमी झाला होता. ग्रां प्रीच्या काही आठवडे आधी सरळ मोकळ्या रस्त्यावर चाचणी घेताना झुकारेल्लीच्या समोर शेतातून निघालेली एक गाडी आडवी आली. तो आणि त्याचा मेकॅनिक दोघेही गेले.

इंडियानापोलिस ५०० त्याने जिंकली होती का?

नाही. अमेरिकेतली ही ५०० मैलांची शर्यत १९१३ मध्ये जूलने जिंकली, प्यूजोवरच, आणि दर थांब्याला शँपेनचे घोट घेत जिंकली अशी आख्यायिका आहे. ब्वायो १९१४ ला गेला. पात्रता फेरीत त्याने ताशी १६०.७ किलोमीटरचा वेग गाठला, जो त्या वर्षी कुणालाच जमला नाही. शर्यतीत मात्र टायरांनी दगा दिला आणि २०० पैकी १४१ फेऱ्यांवर तो बाहेर पडला. जिंकला डलाजवाला रने तोमा. दुसरी आली एक खासगी प्यूजो, आर्तूर द्युरेने चालवलेली, आणि ती होती तीन लिटरची! सगळ्यात वेगवान प्यूजो घरी बसली आणि सगळ्यात लहान प्यूजो दुसरी आली. यातून ब्वायोने काही धडा घेतला असता तर लियोंचा निकाल कदाचित वेगळा लागता.

लियोंला ४ जुलै १९१४ ला काय झालं?

दिवस बघा. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज मारला गेला होता. बरोबर सहा दिवसांनी, लियोंच्या दक्षिणेला लाखो लोक सकाळपासून रस्त्याच्या कडेला गोळा झाले. एका बाजूला प्यूजो आणि डलाज, दुसऱ्या बाजूला मर्सिडीजच्या पाच पांढऱ्या गाड्या. फेरी ३७.६ किलोमीटरची, एकूण २० फेऱ्या. इंजिन कमाल साडेचार लिटर.

गाड्या जोडीजोडीने, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या अंतराने सोडल्या. त्यामुळे रस्त्यावर पुढे दिसतो तो खरा पुढे असेलच असं नाही, घड्याळ बघूनच कळणार. पहिल्या फेरीनंतर घड्याळाने सांगितलं, पुढे माक्स झाइलर, मर्सिडीज. तो असा सुटला होता की जणू शर्यत पाचच फेऱ्यांची आहे. सहाव्या फेरीत त्याचं इंजिन गेलं आणि ब्वायो पहिला झाला. जमावाचा जीव भांड्यात पडला.

आता गाड्यांकडे बघा, कारण खरी गोष्ट तिथे आहे. प्यूजोला चारही चाकांना ब्रेक होते, मर्सिडीजला फक्त मागच्या. त्यामुळे ब्वायो वळणाच्या तोंडाशी येईपर्यंत पाय काढत नव्हता आणि तिथे काही सेकंद कमवत होता. पण त्याच गाडीच्या शेपटात दोन जादा टायर उभे कोंबलेले होते, त्या वजनाने मागची बाजू वळणावर नाचत होती. आणि टायर टिकत नव्हते. कमावलेले सेकंद तो पुनःपुन्हा पिटमध्ये टायर बदलण्यात घालवत होता. क्रिस्टियान लाउटेनश्लागरची मर्सिडीज मात्र जवळजवळ न थांबता एकाच चालीने येत होती. १९०८ ला दिएपला जिंकलेला तो हाच.

बारा फेऱ्या ब्वायोने आघाडी टिकवली. झाइलरच्या जागी आता लाउटेनश्लागर, त्याच्यामागे वाग्नेर (दोन वर्षांपूर्वी फियाटवर होता, आता मर्सिडीजवर), त्याच्यामागे झाल्झर. ब्वायोच्या बाजूने लढायला खरं तर कुणी उरलं नव्हतं. अठराव्या फेरीच्या शेवटी लाउटेनश्लागर पुढे गेला. एकोणिसाव्या फेरीत अंतर वाढलं. ब्वायोने गाडीला जे मागितलं ते तिच्याकडे आता नव्हतं, आणि शेवटच्या फेरीत कुठेतरी इंजिन बसलं. तो स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला, असं सांगतात. पहिल्या तिन्ही जागा मर्सिडीजच्या. जूल चौथा.

झाइलरला मुद्दाम ब्वायोची गाडी फोडायला पाठवलं होतं, हे खरं का?

ही कथा फार सांगितली जाते. जर्मनांनी एक गाडी बळी दिली, तिच्या मागे लागून ब्वायोने इंजिन ताणलं, वगैरे. युद्धानंतर तर ती आणखी रंगली, कारण कावेबाज जर्मन आणि एकटा शूर फ्रेंच हे चित्र सगळ्यांनाच सोयीचं होतं. मला ती पटत नाही. झाइलर गेला तेव्हा चौदा फेऱ्या बाकी होत्या आणि ब्वायोची गाडी त्यानंतर बारा फेऱ्या आघाडीवर होती. मर्सिडीजचं यश कपटात नव्हतं, तयारीत होतं. त्यांनी महिनोन्महिने आधी येऊन रस्ता पाहिला, त्याप्रमाणे गिअर ठरवले आणि गाड्या घासूनपुसून आणल्या. प्यूजोकडे नव्या कल्पना जास्त होत्या आणि त्यांची परीक्षा घ्यायला वेळ कमी.

तो खरोखर एवढा मोठा ड्रायव्हर होता, की मिशांचाच रुबाब?

मिशा होत्याच, आणि रुबाबही. लोकांकडे बघून हात करणं, जिंकणारच म्हणून आधीच सांगून मोकळं होणं, हे सगळं तो मनापासून करायचा. पण नुसत्या रुबाबावर चौदा तास गाडी हाकता येत नाही. माझ्या मते त्याची ताकद आणि त्याची खोट एकच होती. गाडीच्या आतलं सगळं त्याला माहीत होतं, म्हणून ती कुठवर ताणता येईल याची त्याला खात्री वाटायची. दिएपला ती खात्री खरी ठरली, लियोंला शेवटच्या फेरीत खोटी.

महायुद्धात त्याचं काय झालं?

३ ऑगस्ट १९१४ ला जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. त्याच दिवशी ब्वायो तीस वर्षांचा झाला. सुरुवातीला तो सेनापती जोफ्रचा ड्रायव्हर होता. ते सुरक्षित काम सोडून तो विमानदलात गेला. व्हर्दूंची लढाई ऐन भरात असताना, मे १९१६ मध्ये, जर्मन फोकर विमानांच्या घोळक्याशी एकटा भिडला आणि पडला. वय ३१. पाच विमानं होती आणि त्यातलं एक त्याने पाडलं, असं त्या काळच्या वर्णनांत येतं. युद्धकाळातली वर्णनं आहेत, तेवढं लक्षात ठेवून वाचावीत.

त्याच्या नावाची शर्यत होती म्हणतात, ती कुठली?

'कूप जॉर्ज ब्वायो', बुलोन्यला, १९२१ पासून. पहिल्या वर्षी आंद्रे द्युबोने हिस्पानो-सुइझावर जिंकला. या शर्यतीतल्या यशामुळे हिस्पानो-सुइझाने आपल्या एका मॉडेलला 'बुलोन्य' नाव दिलं.

आंद्रे ब्वायो त्याचा कोण?

धाकटा भाऊ. तोही प्यूजोचाच ड्रायव्हर. १९१९ ची सिसिलीतली तार्गा फ्लोरिओ ही शर्यत त्याने जिंकली, आणि ती कशी जिंकली ते एकदा वाचाच. गाडी होती १९१४ च्या शर्यतीसाठी बनवलेली आणि युद्धामुळे न धावलेली. डोंगरातले अरुंद रस्ते, पाऊस, चिखल, आणि हा पठ्ठ्या वाटेत अनेकदा रस्त्याबाहेर जाऊन परत आलेला. शेवटची रेघ समोर दिसत असताना प्रेक्षक रस्त्यावर घुसले. त्यांना चुकवायला आंद्रेने ब्रेक दाबले, गाडी गर्रकन फिरली, स्टँडला धडकली आणि उलट्या तोंडाने रेघेपलीकडे गेली. कुणीतरी ओरडलं, असा विजय धरणार नाहीत! लोकांनी त्याला परत गाडीत बसवलं, त्याने गाडी मागे नेली, सरळ केली आणि पुन्हा रेघ ओलांडली. १९३२ मध्ये प्यूजोचीच गाडी चाचणीसाठी चालवताना तोही गेला.

'भोंदूं'च्या इंजिनाचं पुढे काय झालं?

ते जगभर पसरलं, बरंचसं नकलेने. इंग्लंडच्या सनबीमने प्यूजो समोर ठेवून स्वतःची गाडी बनवली. अमेरिकेत प्यूजोने १९१६ आणि १९१९ ची इंडियानापोलिस ५०० जिंकली. १९१५ मध्ये अमेरिकन ड्रायव्हर बॉब बर्मनच्या प्यूजोचं इंजिन फुटलं. युद्ध चालू, फ्रान्सहून सुटे भाग येणार कसे? त्याने ते लॉस एंजेलिसला हॅरी मिलरच्या वर्कशॉपमध्ये टाकलं. ते उघडून, मोजून, नव्याने घडवताना मिलर आणि त्याची माणसं जे शिकली, त्यातून मिलरची रेसिंग इंजिनं आली आणि त्यांच्यातून ऑफनहाउजर. चार सिलिंडर, डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, याच मांडणीच्या ऑफनहाउजरने १९७६ मध्येसुद्धा इंडियानापोलिस जिंकली. ड्रॉइंग ऑफिसातल्या त्या टवाळखोरांची नावं मात्र आज कुणाला आठवत नाहीत.

भारताशी काही संबंध?

ब्वायोचा नाही. प्यूजोचा आहे, पण फार पुढचा. १९९० च्या दशकात कल्याणला प्रीमियरच्या भागीदारीत प्यूजो ३०९ बनत होती. तेव्हाच्या कल्याण-डोंबिवलीकरांना ती आठवत असेल.

फॉर्म्युला वनच्या यादीत त्याचं नाव का सापडत नाही?

ड्रायव्हरांची जागतिक स्पर्धा १९५० मध्ये सुरू झाली आणि बहुतेक आकडेवारी तिथूनच मोजतात. ब्वायो हवा असेल तर फ्रेंच ग्रां प्रीच्या विजेत्यांची यादी काढा आणि १९०६ पासून वाचायला घ्या. आधी हंगेरीत जन्मलेला सिस, मग इटालियन नाझ्झारो, मग लाउटेनश्लागर. त्यांच्या खाली, लागोपाठ दोन ओळी, ब्वायोच्या आहेत. आणि तिसरी परत लाउटेनश्लागरची.